चोरीच्या वेलीची वंशावळ

मिरजेत माणसांच्या डॉक्टरांचा तोटा कधीच नव्हता. पाय मुरगळलेल्या माणसानं पुढच्या कोपऱ्यापर्यंत लंगडत जावं, तर वाटेत हाडांच्या डॉक्टरांच्या तीन पाट्या लागतात. झाडांचा दवाखाना मात्र दोन हजार त्रेचाळीस सालीही गावात एकच होता, आणि तो सिस्टरांचा.

सिस्टर म्हणजे सुलोचना मगदूम. चौतीस वर्षं नर्स, त्यातली शेवटची अकरा हेड नर्स. निवृत्त झाल्यावर पाचव्याच दिवशी घरात बसून त्यांचा जीव उबगला. स्कूटरच्या शेडमध्ये त्यांनी टेबल टाकलं, 'रांगेत बसावे, पानांना हात लावू नये' अशी पाटी लावली आणि शेजाऱ्यांच्या कुंड्या तपासायला घेतल्या. उन्हाळे असे तापायला लागले होते की माणसं दारंखिडक्या लावून गारव्यात बसायची. बाहेरचं हिरवं दिसेनासं झालं, तसं ते घरात आणून ठेवायची. घरटी पाच-सात कुंड्या झाल्या आणि सिस्टरांच्या शेडपुढं रांग लागायला लागली.

"पाणी किती घालता?" सिस्टर विचारायच्या.

"आठवण आली की घालतो."

"आणि आठवण दिवसातनं कितींदा येते?"

समोरचा खाली बघायचा. सिस्टर मातीत बोट खुपसायच्या, बोटाचा वास घ्यायच्या आणि केसपेपरवर लिहायच्या, 'अतिप्रेम. मुळं कुजली. आठ दिवस तोंडाने काही देऊ नये.'

सहा वर्षांपूर्वी चिमटा नावाचं यंत्र आलं, तेव्हा लोकांना वाटलं, आता सिस्टरांची सद्दी संपली. आजारी झाड गप्प बसत नाही. कीड लागली, मूळ कुजलं, पाण्याची ओढ बसली, की ते निरनिराळे वायू हवेत सोडतं. आपल्या नाकाला त्यातलं काही कळत नाही. चिमट्याच्या एका पात्यात असलं बारीक नाक बसवलं होतं. दुसऱ्या पात्यातली सुईच्या टोकाएवढी नळी पानातला कणभर रस ओढायची आणि त्यातली जनुकं अक्षर अक्षर वाचून काढायची. वीस मिनिटांत पडद्यावर रोगाचं नाव, औषध, मात्रा. पण चिमटा माणसांना रागवत नाही. रागवून घ्यायला लोक सिस्टरांकडंच येत राहिले. सिस्टरांनीही एक चिमटा घेतला आणि तो थर्मामीटरसारखा खिशात ठेवला.

सगळी मिरज त्यांना सिस्टर म्हणायची. म्हणत नव्हती ती एकच बाई, दहा किलोमीटरवर सांगलीत राहणारी, आणि ती त्यांची सख्खी बहीण होती. जिनमती अक्का. तिच्याशी सिस्टरांचं एकोणतीस वर्षं बोलणं नव्हतं.

त्या वर्षी मनीप्लँटना कावीळ झाली. नाव लोकांनीच ठेवलं. कुठूनशी एक नवी बुरशी आली होती. पानावर आधी हळदीच्या बोटाएवढा डाग पडायचा, मग पान पिवळंधमक व्हायचं, आणि तीन आठवड्यांत दारावरची वेल दोरीगत लोंबायची. फवारण्या झाल्या, माती बदलून झाली. कशानंच गुण येईना. शेवटी शोभेच्या झाडांच्या आरोग्य पथकानं फर्मान काढलं, की रविवारपर्यंत उपाय सापडला नाही तर वॉर्डातल्या सगळ्या वेली उपटून जाळायच्या. ही बुरशी जवळच्या बेडग गावच्या पानमळ्यांत शिरली असती तर फार वाईट झालं असतं, त्यामुळे फर्मानाला कुणी नावंही ठेवू शकत नव्हतं.

सिस्टरांची स्वतःची वेल शेडच्या कोपऱ्यातून निघून जिन्यानं वर गेली होती, गच्चीच्या कठड्याला वळसा घालून परत खाली आली होती. त्यांच्या यजमानांनी, भूपालरावांनी, एकदा टेप लावून मोजली तर एकसष्ट फूट भरली. आता तिची अकरा पानं पिवळी होती. माणसाला रक्त द्यावं तसं काहीतरी तिला देता येईल का, या विचारानं सिस्टर जिन्यात बसून राहायच्या. एकसष्ट फूट वाढवायला एकोणतीस वर्षं लागली होती आणि उपटायला दहा मिनिटं पुरणार होती.

गुरुवारी पथकातली तरन्नुम मुजावर आली. सव्वीस वर्षांची पोरगी, बोलायला तुरतुरीत, आणि सिस्टरांना सिस्टर न म्हणता मावशी म्हणणारी.

"मावशी, पथकाला एक वाट दिसलीय. आपल्याला या वेलींची वंशावळ काढायची आहे."

"वेलींना कुठली वंशावळ?"

"तुम्ही दुसऱ्याच्या वहीतनं पाककृती उतरवून घेता का?"

"एके काळी घेत होते."

"समजा, उतरवताना तुम्ही 'दोन चमचे तिखट'चं 'दहा चमचे' केलंत. तुमच्या वहीतनं शेजारणीनं घेतलं, तिच्याकडंही दहा झाले. तिनं वर आपली एक चूक घातली. आता साऱ्या वह्या शेजारी शेजारी ठेवल्या, तर कुणी कुणाचं बघून लिहिलं ते कळेल का नाही?"

"कळेल. आणि कुणाच्या घरी पाहुणे ठसकले तेही कळेल."

"तसंच. वेल वाढते म्हणजे तिची पेशी आपलीच नक्कल काढत जाते. मधूनच एखादं अक्षर चुकतं. मोडून नेलेल्या काडीत त्या चुका तशाच जातात. आता चिमट्यानं सगळ्या वेली वाचायच्या आणि मूळ वेल गाठायची."

"गाठून काय करायचं? ती तरी काविळीतनं वाचलीय कशावरून?"

तरन्नुम खुर्ची ओढून जवळ बसली. म्हणाली, काही बुरश्या चांगल्या असतात. त्या मुळांशी सोबतीनं राहतात, झाडाकडून साखर घेतात आणि बदल्यात त्याला सावध ठेवतात, म्हणजे रोग पानाला शिवला की झाड आधीच तयारीत असतं. दुसऱ्या एका गावात एकच जुनी वेल काविळीतून सुटली होती, ती अशा मातीमुळं. तिच्या काड्या मात्र गावभर मेल्या. कारण काडी मोडून नेताना मूळ येत नाही आणि माती येत नाही. सोबत मागंच राहते.

"म्हणजे आपल्याला मूळ वेल नको, तिच्या बुडची माती पाहिजे," सिस्टर म्हणाल्या.

"मावशी, तुम्ही आमच्या साहेबांपेक्षा लवकर समजता."

इथं एक गोष्ट सांगायला हवी. मनीप्लँट विकत आणला तर रुसतो, मागून आणला तर खुरटतो आणि चोरून आणलेला तेवढा फोफावतो, अशी आपल्याकडं पक्की समजूत आहे. ज्यानं जन्मात कुणाच्या झाडाचं फूल तोडलं नाही, तो माणूससुद्धा मनीप्लँटची काडी शर्टाच्या बाहीत लपवून नेतो. त्यामुळे तरन्नुमनं दोन दिवसांत चारशे बारा वेलींना चिमटा लावला आणि शुक्रवारी संध्याकाळी वॉर्डाच्या सभागृहात पडद्यावर वंशावळ दाखवली, तेव्हा तो वॉर्डातल्या एकूण एक चोऱ्यांचा नकाशा निघाला.

एवढा हशा त्या सभागृहात पूर्वी कधी पिकला नव्हता. चाळीस वर्षं नीतिपाठ शिकवलेल्या खोत गुरुजींनी आपल्याच विद्यार्थ्याच्या घरून काडी उचलली होती. दोन विहिणींनी एकमेकींच्या वेली चोरल्या होत्या आणि दोघीही वर्षानुवर्षं 'आमच्याइतकी तुमची वाढत नाही' म्हणत होत्या. कुणी कुणाला चोर म्हणेना, कारण बाण प्रत्येकाच्या दारातून निघत होता किंवा दारात शिरत होता. दाराला दार लागून राहणारी आणि कधी न बोललेली माणसं "अहो, तुमची वेल आमची आज्जी लागते की!" म्हणत एकमेकांच्या पाठीवर थापा मारायला लागली.

सिस्टरही हसत होत्या. पण त्यांचा हात पदराशी चाळा करत होता, कारण पडद्यावरचं चित्र हळूहळू वरच्या टोकाकडं सरकत होतं.

सिस्टरांनी आजवर सगळ्यांना ठणकावून सांगितलं होतं, की त्यांची वेल मोठ्या सर्जनसाहेबांच्या बंगल्यातली. चोरी करायची तर तालेवार घरी, असा त्यांचा बाणा. पडद्यावर बाण उलटा निघाला. सिस्टरांची वेल कंपाउंडरनं चोरली होती, कंपाउंडरची सर्जनसाहेबांच्या ड्रायव्हरनं, आणि ड्रायव्हरची खुद्द साहेबांच्या बाईसाहेबांनी. सर्जनसाहेबांची वेल सिस्टरांच्या वेलीची पणती होती.

सभागृह डोक्यावर घेतलं लोकांनी. पडद्याच्या अगदी टोकाला, चारशे अकरा वेलींच्या वर, एकच नाव उरलं होतं, सुलोचना मगदूम. आणि त्याच्या वर एक रिकामा चौकोन, 'मूळ : अज्ञात'.

"मावशी," गर्दी पांगल्यावर तरन्नुम हळूच म्हणाली, "तुम्ही कुठनं आणली होती?"

"आठवत नाही," सिस्टर म्हणाल्या. ज्या बाईला वीस वर्षांपूर्वीच्या पेशंटचा बेड नंबर आठवतो, तिनं हे म्हणावं!  "परवा रविवार आहे," एवढंच तरन्नुम म्हणाली आणि चिमटे पिशवीत भरायला लागली.

सिस्टरांना सगळं आठवत होतं.

अक्काला लग्नानंतर बारा वर्षांनी मुलगा झाला. बारशाला घर भरलं होतं. पाळणा फुलांनी सजवला होता, मुलाचं नाव अभिनंदन ठेवलं होतं, बायका घुगऱ्या वाटत होत्या. सुलोचनाबाई ड्युटी संपवून थेट आल्या, पाळण्यावर वाकल्या, बाळाच्या डोळ्याची खालची पापणी बोटानं ओढली आणि तीस बायकांच्या देखत म्हणाल्या, "अक्का, पोर पिवळं आहे. कावीळ दिसतीय. उद्याच्या उद्या रक्त तपासून घे."

घुगऱ्या वाटणारे हात जागीच थांबले. अक्काचा चेहरा उतरला. "सुले, तू बारशाला आलीस का वॉर्डात राऊंडला?" ती म्हणाली. "चार शब्द शुभ बोलता येत नाहीत होय तुला?"

शब्दानं शब्द वाढला. सुलोचनाबाई पर्स उचलून दाराशी आल्या आणि ओरडल्या, "आजपासून तुझ्या घरची काडीसुद्धा नको मला!"

अक्का तिथंच होती, दाराजवळच्या बोळात.  तिनं पाठ फिरवली आणि भिंतीकडं तोंड करून उभी राहिली. एकोणतीस वर्षं सुलोचनाबाईंच्या मनात भांडणातला एकही शब्द सलत नव्हता. सलत होती ती पाठ. सख्ख्या बहिणीनं निरोपालासुद्धा तोंड दाखवलं नाही.

आणि दाराच्या चौकटीवरून मनीप्लँट लोंबत होता. सुलोचनाबाईंचा हात आपसूक वर गेला. काड्कन काडी मोडली, पर्समध्ये टाकली आणि त्या पायऱ्या उतरल्या. काडीसुद्धा नको म्हणून अर्धं मिनिटही झालं नव्हतं.

बाळ आठ दिवसांत कोवळ्या उन्हानं बरं झालं. म्हणजे कावीळ होती हेही खरं, आणि तीस बायकांत बोंब मारण्याजोगी नव्हती हेही खरं. दोघी बहिणी एकमेकींच्या फोनची वाट बघत बसल्या आणि त्यातच केस पांढरे झाले.

शनिवारी सकाळी भूपालराव चहा पिता पिता म्हणाले, "स्कूटर काढू का?"

"कशाला?"

"सांगलीला जायला."

सिस्टरांनी कप खाली ठेवला. "तुम्हाला कुणी सांगितलं?"

"कुणी कशाला सांगायला पाहिजे? मी एसटी चालवायचो, सुलू. गाडीतलं तिकीट नसलेलं माणूस आरशात चेहऱ्यावरनं ओळखायचो. बारशाहून आलीस त्या दिवशी तू पर्स अशी छातीशी धरली होतीस, जशी काही आत किडनी आहे."

सिस्टरांना हसू फुटलं आणि डोळ्यांत पाणीही आलं. मग त्या रागावल्या, कारण त्यांना तेच सोपं जायचं. "ती दार उघडणार नाही," त्या म्हणाल्या. "उघडलं तरी मला काय म्हणेल? माझ्या दारातनं चोरलीस आणि आता पिवळी पडली म्हणून आलीस!"

"म्हणू दे. चारशे अकरा घरांच्या वतीनं ऐकून घे."

रस्त्यावरच्या बिनचालकाच्या रिक्षांना शिव्या घालत भूपालरावांनी जुनी स्कूटर दहा किलोमीटर हाणली. अक्काच्या घरचं दार एका सहा फुटी जवान पोरानं उघडलं. सिस्टरांनी आपसूक हात वर केला, त्याला खाली वाकवलं आणि डोळ्याची पापणी ओढून बघितली.

"डोळे स्वच्छ आहेत," त्या म्हणाल्या.

"मावशी ना तुम्ही?" अभिनंदन हसून म्हणाला. "आई! मावशी आलीय, आणि आल्या आल्या तपासायलीय!"

अक्का आतून आली. थकली होती, काठी टेकत होती, पण नजर तीच. तिनं वरपासून खालपर्यंत बघितलं. "आलीस व्हय?" एवढंच म्हणाली.

सिस्टरांची नजर चौकटीवर गेली. वेल होती! दारावरून, खिडकीवरून, फळीवरच्या देवांच्या फोटोंमागून, सगळीकडं हिरवीगार. जवळ जाऊन पाहिलं तर तीन पानांवर डाग होते, पण सुकलेले, जागच्या जागी थांबलेले. त्यांनी चिमटा काढला आणि पानाला लावला.

"किती वेळ लागतो ह्याला?" अक्कानं विचारलं.

"वीस मिनिटं."

मग दोघींना वीस मिनिटं समोरासमोर बसावं लागलं.  सहाव्या मिनिटाला सिस्टर म्हणाल्या, "अक्का, माझ्या घरची वेल तुझ्या ह्या वेलीची आहे. मी चोरली होती. त्याच दिवशी."

"ठाऊक आहे."

"ठाऊक आहे?"

"पर्सच्या तोंडातनं पान लोंबत होतं तुझ्या, गल्लीच्या टोकापर्यंत दिसत होतं." अक्कानं काठी भिंतीला टेकवली. "मी म्हटलं, काडी नेलीय म्हणजे राग काही खरा नाही. दोन दिवसांत येईल. चांगलीच आलीस गं लवकर!"

"मी चुकले, अक्का. कावीळ तुझ्या कानात सांगायची होती मी, बायकांत नाही."

"आणि मी रक्त तपासून घेतलं हे तुला कळवायचं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी सातला नेलं होतं पोराला. तुझ्याच दवाखान्यात. तुझी रात्रपाळी संपून तू घरी गेल्यावर, मुद्दाम."

चिमट्यानं टिंग केलं. पडद्यावर हिरवी अक्षरं उमटली. मूळ वेल हीच होती, रोग थोपवलेला, मुळांशी सोबतीची बुरशी भरपूर. सिस्टर पोरीसारख्या टाळ्या वाजवत उठल्या. दाराशी बसलेले भूपालराव टोपी काढून डोळे पुसायला लागले.

"अक्का, माती दे," सिस्टर म्हणाल्या. "बादलीभर. मागून नेते. चोरून नाही."

"ने की. बेडगची माती आहे, आईच्या परसातली. लग्नात दोन टोपल्या आणली होती मी. अर्धी तुझीच आहे, न्यायची राहिली होती तुझी."

ती माती पुढं मिरजेत कशी फिरली, ते आता सगळ्यांना ठाऊक आहे. तरन्नुमनं ती मोठ्या पिंपात दुसऱ्या मातीत कालवून वाढवली. रविवारी वेली उपटायला आलेली माणसं चमचा चमचा माती वाटत फिरली, आणि महिन्याभरात जिन्यावरच्या सिस्टरांच्या वेलीला नवा हिरवा कोंब आला. पथकाच्या वंशावळीत रिकाम्या चौकोनात नाव भरलं गेलं, 'जिनमती पाटील, सांगली'. त्या दिवसापासून अक्का चारशे बारा घरांची खापरपणजी झाली आणि तिला सणावाराला एवढे डबे येऊ लागले की अभिनंदननं फ्रीज बदलला.

पण त्या शनिवारी हे काहीच अजून घडलेलं नव्हतं. अक्कानं पुढं केलेल्या घुगऱ्या खाऊन झाल्या होत्या, बादली भरून स्कूटरवर बांधली होती आणि सिस्टर दारात चपला घालत होत्या.

"नुसती माती घेऊन चाललीस व्हय?" अक्का म्हणाली. "काडी ने की एक नवी. तुझी ती आजारातनं उठेल न उठेल."

"दे मग मोडून."

"मी दिली तर लागणार आहे का? दिलेली लागत नाही. थांब."

आणि अक्का काठी टेकत बोळात गेली, पाठ फिरवली आणि भिंतीकडं तोंड करून उभी राहिली. तोच बोळ, तीच भिंत. सिस्टरांचा हात वर गेला आणि वेलीवरच थांबला. त्या अक्काच्या पाठीकडं बघत राहिल्या.

"अक्का," त्या म्हणाल्या, "त्या दिवशी तू..."

"मोड की लवकर," अक्का भिंतीलाच म्हणाली. "त्या दिवशी तुझा हात वेलीकडं गेलेला दिसला, म्हणून तर वळले होते. आता पाय दुखतात गं माझे."